तुझ्या नावाने जेवलो

हऱ्या, पेट्रोल कुठे भरायचं यावरून चाललेलं आपलं भांडण अर्धवट टाकून तू गेलास.

तुझं म्हणणं, डहाणूहून व्हॅन आधी तलासरीला आणायची, मला घरून उचलायचं, हद्द ओलांडून गुजरातच्या पंपावर टाकी भरायची, कारण तिकडे पेट्रोल स्वस्त. मग मागे फिरून चारोटीवरून जव्हारच्या रस्त्याला लागायचं. माझं म्हणणं, नाशिक पूर्वेला आहे. पूर्वेला जायला निघालेला माणूस आधी उत्तरेला कशाला जाईल? "आपण जातो," तू म्हणायचास. "आपण हद्दीवरची माणसं. पेट्रोल तिकडचं, बियर इकडची. देवाने एवढी एक सोय करून दिली आहे, तीही वापरायची नाही?"

मी तुला तेव्हा अडाणी म्हणालो होतो. तू मला सरकारी म्हणालास. दोघांनाही लागलं नाही.

तू जाऊन आज बत्तीस दिवस झाले. खाडीवर अजून तुझ्याबद्दल बोलतात. कुणाच्या बोटीचं इंजिन तू भर समुद्रात फोनवरून चालू करून दिलंस, कुणाचं वऱ्हाड लग्नाच्या दिवशी नवरदेवासकट डहाणूला पोचवलंस. ते सगळं खरं आहे आणि ते सांगायला पुष्कळ माणसं आहेत. मला त्या सहलीबद्दलच बोलायचं आहे, कारण त्यातली एक गोष्ट तुला सांगायची राहिली. राहिली म्हणजे मी ठेवली.

सुरुवात तुझ्यापासून झाली. कुठल्या तरी बोटवाल्याचा पुण्याहून आलेला मुलगा तुला म्हणाला की आता क्राफ्ट बियर निघाली आहे, जिथे बनते तिथेच मोठ्या टाकीतून नळाने ग्लासात देतात, आणि प्रत्येक ठिकाणची चव वेगळी. तू त्याच संध्याकाळी मला फोन केलास.

"सुध्या, म्हणजे ही ताडीच झाली की! झाडावरून उतरली, ग्लासात पडली. मध्ये कंपनी नाही."

"ताडी वेगळी, बियर वेगळी."

"तू दोन्ही पितोस कुठे नीट? तुला काय कळतं?"

त्यावर मी इंटरनेटवर वाचलेलं सगळं तुला ऐकवलं. माल्ट, यीस्ट, हॉप्स. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "बरोबर खायला काय देतात?" मी म्हटलं, बहुतेक शेंगदाणे. "शेंगदाणे?" तू दोनदा विचारलंस. मग तू म्हणालास, "बोंबील आपण न्यायचे."

तिथून पुढे वर्षभर आपण नियोजन केलं. जगात कुणी इतक्या छोट्या सहलीचं इतकं नियोजन केलं नसेल. दिवसच जमेना. उधाणाला पाण्याला ओढ असते, बोटी बाहेर जातात, तू मोकळा. भांगाचे, म्हणजे मंद भरतीचे दिवस आले की बोटी खाडीत परततात आणि तू प्रत्येकाच्या इंजिनात खांद्यापर्यंत बुडालेला. माझी सुट्टी मात्र शनिवार-रविवारची, तिला चंद्राशी काही देणंघेणं नाही. म्हणून तू भरती-ओहोटीच्या कॅलेंडरवर पौर्णिमा-अमावास्येला लागून येणारे शनिवार शोधून त्यांना लाल गोल करायचास. त्याच कॅलेंडरच्या मागे तू सहलीचा नकाशा काढलास. रानशेतला चहा. कासाला भजी. जव्हारला अर्धा तास थांबून नुसतं बघायचं. मोखाड्याच्या अलीकडे जेवण. मग घाट, त्र्यंबक, आणि नाशिकला संध्याकाळी बियर. अंतरं तू कुठेच लिहिली नव्हतीस. दोन थांब्यांच्या मध्ये "भूक लागेल" किंवा "लागणार नाही" एवढंच लिहिलं होतंस.

आणि ती रंगीत तालीम! तू म्हणालास, एकदम नाशिकला जाण्याआधी बाहेर बसून प्यायची सवय करायला हवी. दोन बाटल्या घेऊन तू तलासरीला आलास. आतल्या रस्त्याने आपण फिरत फिरत गेलो, एका शेताच्या बांधावर शिंदीचं झाड दिसलं, सावली चांगली होती. सतरंजी टाकली. तू बाटलीला हात घातलास तेवढ्यात म्हशी घेऊन जाणारे एक आजोबा थांबले.

"भाऊ, बाटली उचला."

"का हो? तुमचं शेत आहे का?"

"शेत कुणाचं का असेना. हे गुजरात आहे. वीस पावलं मागं जा, मग उघडा."

आपण सतरंजीची चार टोकं धरून बाटल्यांसकट वीस पावलं मागे आलो. तू मोठ्याने मोजत होतास. आजोबा तिथेच उभे राहून बघत होते. विसाव्या पावलाला काटेरी झुडूप आलं, म्हणून तू आणखी दोन पावलं टाकलीस आणि ओरडून विचारलंस, "आता?" आजोबांनी हात वर केला. तू त्यांनाही बोलावलंस. ते म्हणाले, "मी पीत नाही. मी तिकडचा आहे." ते आठवून आजही मी ऑफिसात एकटा हसतो आणि लोक बघतात.

तर आता ती गोष्ट.

थंडी संपता संपता एक शनिवार जुळला. लाल गोलावर तू टिक केलीस. मोखाड्याच्या अलीकडच्या त्या खानावळीचा नंबर तुला एका एस.टी. ड्रायव्हरने दिला होता. सावित्रामावशी. तू तिला आधी जेवणाचं विचारायला फोन केलास आणि मग काही कारण नसताना करत राहिलास. ती काय बोलते, कशी बोलते, हे तू मला ऐकवायचास. तिने आपल्या दोघांसाठी गावठी कोंबडी आणि नागलीची भाकरी करायचं कबूल केलं. बदल्यात तू तिला सुके बोंबील आणि सुकट आणून द्यायचं कबूल केलंस, कारण तिकडे वर चांगली सुकी मासळी मिळत नाही. "शब्द दिलाय तिला," तू म्हणालास. घरी मंगलवहिनींनी मासळी वाळवायच्या वलांडीवरचे चांगले बोंबील निवडून बाजूला काढलेसुद्धा.

गुरुवारी मी तुला फोन केला आणि सांगितलं की शनिवारी कामावर बोलावलं आहे, तपासणी आहे, साहेब रजा देत नाहीत.

हऱ्या, तपासणी नव्हती. शनिवारी सकाळी मी साहेबांच्याच नव्या गाडीत बसून नाशिकला निघालो होतो.

साहेब नवे बदलून आले होते. बुधवारी त्यांनी सहज विचारलं, शनिवारी कुठे जाण्यासारखं आहे का? आणि माझ्या तोंडून तुझा अख्खा नकाशा बाहेर पडला. त्यांनी विचारलं, हे तुम्ही आखलं? मी हो म्हणालो. ते म्हणाले, मग चला, आपण तिघे जाऊ, मी गाडी काढतो. तिसरा आमच्या शेजारच्या टेबलावरचा क्लार्क.

मला तेव्हा नाही म्हणता आलं असतं. पुढच्या आठवड्याचं सांगता आलं असतं. तुलाही बरोबर घेता आलं असतं, चौथ्याला गाडीत जागा होती. हे मी या बत्तीस दिवसांत रोज स्वतःला विचारलं आहे आणि उत्तर मला आधीपासून माहीत आहे. मला तुझी लाज वाटली. तुझ्या व्हॅनला बोटींच्या डिझेलचा आणि सुक्या मासळीचा वास येतो. तू मोठ्याने बोलतोस. त्या काचेच्या, थंड हवेच्या जागेत तू डबा उघडशील आणि वेटरला म्हणशील, "जरा हे तव्यावर परतून आण," हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. वर्षभर मी तुझ्याबरोबर नियोजन केलं ते मला मनापासून आवडत होतं. दिवस खरंच ठरला तेव्हा मात्र तो टळला तर बरं, असं वाटू लागलं.

तुला म्हणालो, "मावशीला मी कळवतो. नंबर पाठव." तू बिचारा लगेच पाठवलास. मी कळवलं नाही.

आम्ही तिच्या दाराशी उतरलो तेव्हा ती बाहेर येऊन उभी होती. पत्र्याचं छप्पर, पुढे सारवलेलं अंगण, दोन बाकं. तिने आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "डहाणूचे हरेशभाऊ ना? दोघं येणार होते, तिघं आले. चालतंय, कोंबडी मोठी आहे."

साहेब माझ्या मागेच होते. ज्या माणसाने हे सगळं आखलं तो मी, असं मी त्यांना सांगून बसलो होतो. मी म्हणालो, "हो, मीच."

साहेब म्हणाले, "हरेश? हे घरचं नाव का?"

"हो. लाडाचं."

एवढ्या सहज मी तू झालो. मग तिने पाणी देता देता विचारलं, "आणि भाऊ, सुकट आणणार होतात ना?" मी म्हणालो, "विसरलो." तिचा चेहरा पडला नाही, तिने नुसती मान हलवली, माणसं असं म्हणतातच अशी. आणि आत जाऊन तिने तुझ्यासाठी केलेलं जेवण मला वाढलं. तुझ्या नावाने जेवलो, आणि तुझा शब्द तुझ्याच नावाने मोडला.

नाशिकची बियर कशी होती हे तुला सांगायचं आहे. एका लाकडी फळीवर चार लहान ग्लास आणून ठेवले. एकीला संत्र्याच्या सालीचा वास होता. एक कॉफीसारखी काळी. एक इतकी कडू की साहेबांनी ती मला दिली. आणि चौथी धुरकट, थोडी आंबट, थोडी गोड, फसफसणारी. डोळे मिटून प्यायली असती तर मी म्हणालो असतो, सकाळी दहाची ताडी आहे. तुझंच बरोबर होतं. मी वर्षभर तुझ्याशी वाद घातला आणि पहिल्या घोटात हरलो. शेंगदाणेच दिले खायला. मला बोंबलाची एवढी आठवण झाली की मी अर्धा ग्लास तसाच ठेवला.

सोमवारी तूच फोन केलास. "मनाला लावून घेऊ नको रे. घाट काय पळून जातोय? नोकरी आहे, चालायचंच." तू माझी समजूत काढत होतास. मग म्हणालास, "ती मावशी रागावली नाही ना? कोंबडी कापली नव्हती ना?"

मी म्हणालो, नाही.

"तरी मला तोंड नाही तिला फोन करायला. पुढच्या वेळी सुकट दुप्पट नेऊ."

जी चूक तू केली नव्हतीस तिची तुला लाज वाटत होती, आणि मी फोन कानाला लावून ऐकत होतो. त्यानंतर तू आणखी तीन शनिवारांना लाल गोल केलेस. तिन्ही मी घालवले. एकदा म्हणालो, नीताच्या माहेरी कार्यक्रम आहे. एकदा म्हणालो, घाटाचा रस्ता खराब झाला आहे. शेवटी तर मी म्हणालो की नाशिक सोडू, बोर्डीवरून किनाऱ्याकिनाऱ्याने दमणला जाऊ. तू चक्रावलास. "अरे, तिथे बियर मिळते. बनत नाही. आपलं काय ठरलं होतं?" माझं एवढंच ठरलं होतं की तुला घेऊन त्या बाईच्या दारात उभं राहायचं नाही. ती मला बघून "या हरेशभाऊ" म्हणाली असती, तेही तुझ्यासमोर.

मग पावसाळा आला, बोटी वर ओढल्या, तुझं वर्षाचं सगळ्यात मोठं काम सुरू झालं. आणि नंतर एका दुपारी तू एका बोटीवर काम करता करता खाली बसलास तो उठलाच नाहीस.

तेरावा झाल्यावर मी मंगलवहिनींकडे गेलो. त्या ओटीवर बसून बोंबील निवडत होत्या. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं, आता लिहिलं तेवढंच, लाज वाटल्याचंसुद्धा. त्यांचे हात चालू होते. मी थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, "कोंबडी चांगली होती का?"

"हो, वहिनी."

"ह्यांनी महिनाभर बोलण्यातच खाल्ली ती कोंबडी. रोज जेवताना मला सांगायचे, अशी असेल, तशी असेल." त्यांनी एक तुटका बोंबील बाजूला टाकला. "मला काय सांगताय भावजी? माझ्याकडे माफीबिफी नाही. मी काय करू ती घेऊन? त्या बाईच्या डोक्यात माझा माणूस फुकट जेवून गेला, शब्द देऊन विसरला. ते आधी पुसा."

"मी जाऊन येतो."

"तुम्ही एकटे गेलात तर पुन्हा कोण होऊन याल सांगता येत नाही. मी येते."

म्हणून गेल्या रविवारी आम्ही तिघे निघालो. वहिनी, नीता आणि मी, तुझ्या व्हॅनमध्ये. साहेबांकडे गाडी मागायचा प्रश्नच नव्हता आणि वहिनींना दुसरी गाडी चालली नसती. मागे दोन पोती. वासामुळे चारोटीपर्यंत नीताने खिडकीतून डोकं आत घेतलं नाही. वहिनी म्हणाल्या, "नाकाला सवय होते हो. लग्नानंतर मलाही डिझेलची झाली." पेट्रोलचा काटा मी बघितला तर टाकी जवळजवळ भरलेली. हद्दीच्या इकडे भरली होतीस की तिकडे, हे कुणालाच माहीत नाही. आम्ही तो विषय काढला नाही.

थांबे तुझेच घेतले. रानशेतला चहा झाला. कासाला भजी खाताना वहिनींनी विचारलं, "इथे त्यांनी काय लिहिलंय?" मी म्हटलं, इथून पुढे भूक लागणार नाही. त्या म्हणाल्या, "खोटं. मला लागली आहे," आणि आणखी एक प्लेट मागवली. जव्हारला आम्ही उतरून नुसतं बघत उभे राहिलो, पण अर्धा तास नाही, दहा मिनिटं. तुझ्याइतका वेळ नुसतं बघणं आम्हाला जमत नाही.

सावित्रामावशीने मला लांबूनच ओळखलं. "या हरेशभाऊ! या वेळी बायकामाणसं पण आणली?"

वहिनी खाली उतरल्या. त्यांनी मावशीला नीट पाहून घेतलं आणि म्हणाल्या, "हरेशची बायको मी. हरेश गेले. ह्यांना विचारा हे कोण ते."

आता बोलणं भाग होतं. मी अंगणात उभा राहून तिला सांगितलं की मी सुधीर, हरेशचा मित्र, मागच्या वेळी मी त्याचं नाव सांगून जेवलो. सुकट तो विसरला नव्हता, ती त्याच्या घरी बांधून तयार होती. मीच त्याला येऊ दिलं नाही.

मावशी कमरेवर हात ठेवून वहिनींना म्हणाली, "तरीच! फोनवर तो माणूस एवढा हसायचा की मला फोन कानापासून लांब धरावा लागायचा. आणि हा आला, तो जेवून उठेपर्यंत एकदा हसला नाही. मी आपली काळजीत, की रश्शात मीठ जास्त पडलं की काय!"

वहिनी हसल्या. तू गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. त्या हसता हसता बाकावर बसल्या आणि मग डोळ्यांना पदर लावला, आणि मावशी त्यांच्या शेजारी जाऊन बसली. नीता आणि मी पोती उतरवत राहिलो, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं.

मग पोती उघडली. मावशीने एक बोंबील मोडून वास घेतला, थोडा चावून पाहिला, आणि दोघींचा आवाज बदलला. या हवेत किती दिवस टिकतो, उन्हाळ्यात माल मिळेल का, पावसाळ्याआधी किती भरून ठेवायचा. जेवण झाल्यावर ठरलं की वहिनी दर महिन्याला माल देणार आणि मावशी तो आसपासच्या पाड्यांवरही विकणार. तू वर्षभर एका कोंबडीसाठी फोन करत होतास, त्यातून तुझ्या बायकोने एका जेवणात धंदा उभा केला. जेवणाचे पैसे मावशी घेईना. म्हणाली, "हरेशभाऊंचं आमंत्रण होतं. ते आज आले."

नाशिकला आम्ही गेलो नाही. घाटाच्या तोंडापर्यंत जाऊन परत फिरलो.

निघताना मावशीने विचारलं, "माल कोण आणून देणार?"

वहिनींनी माझ्याकडे न बघता माझ्याकडे हात केला. "हे."

"नक्की येतील?"

"आता येतील."

मावशीने फोन काढला आणि मला नंबर विचारला. मी सांगितला, तिने एकेक आकडा दाबला. मग अंगठा वर धरून थांबली. "कुठल्या नावाने ठेवू?"

"सुधीर," मी म्हणालो. "सुधीर, तलासरी."

तिने ते लिहिलं, वाचून बघितलं, आणि माझ्यासमोरच तो नंबर लावला. माझ्या खिशातला फोन वाजेपर्यंत ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.